खोली नंबर चारची सजावट

शनि. २० डिसें. ९७
अर्ज मंजूर. नाताळच्या सुट्टीत हॉस्टेलवर थांबायचं तर रेक्टरबाईंना लेखी कारण द्यावं लागतं. मी लिहिलं, एक तारखेला ट्रस्टी येणार, त्यासाठी खोली सजवायची आहे. खरं कारण आईच्या पत्रात. मी पोलादपूरला उतरून गावी पोचले रे पोचले की मामा मला बघण्याचा कार्यक्रम ठरवणार. मुलगा इथलाच, एमआयडीसीत मामा कामाला आहे त्याच कंपनीत ऑपरेटर. मला जानेवारीत प्रॅक्टिकल आहे, मार्चमध्ये एस.वाय.ची परीक्षा. टी.वाय. केमिस्ट्री होईपर्यंत मला कोणी बघू नये, एवढंच मागणं आहे.

पार्टनर सुरेखा दुपारच्या श्रीवर्धन गाडीने गेली. जाताना म्हणाली, तू काय सजवणार, तुला धड वेणी घालता येत नाही. बघूच.

रवि. २१
अख्ख्या हॉस्टेलात मी, रेक्टरबाई आणि स्वयंपाकाच्या मावशी. गेटबाहेर पडायचं तर कार्डावर ज्या पालकाचा फोटो, त्याच्याबरोबरच. माझ्या कार्डावर मामा. म्हणजे ज्याला टाळायला इथे थांबले, तो आला तरच मला बाजार दिसणार. फारच हुशारी केली.

कागद मावशींनी आणला. लाल-हिरवा सांगितला होता, आला गुलाबी आणि पिवळा. "ह्योच हाय, दिवाळीचा उरलेला," म्हणाल्या. मैद्याची खळ मात्र फर्स्टक्लास करून दिली.

मंगळ. २३
पताका झाल्या. नाताळचं झाड मी फक्त ग्रीटिंग कार्डावर पाहिलंय. कंपाउंडमधली निरगुडीची फांदी बादलीत उभी केली, संध्याकाळपर्यंत तिची पानं लोंबली. वर कापूस लावला तर आणखीच आजारी दिसायला लागली. मावशी हसून हसून दमल्या, मीही.

खिडकीच्या गजांना झिरमिळ्या गुंडाळल्या. बऱ्या दिसतात, पण आत बसून बघितलं की गजच दिसतात. आज तिसरा दिवस. बोलायला माणूस नाही. अभ्यासाचं पुस्तक उघडलं की आईचं अक्षर डोळ्यांपुढे येतं.

बुध. २४
सुचलं! बॅगेत प्रॅक्टि.चे फिल्टर पेपर होते. मधोमध काळ्या शाईचा ठिपका, त्यावर वातीने थेंब थेंब पाणी. शाई फुटत जाते, निळी, जांभळी, कडेला पिवळट. गेल्या टर्मला शिकलो ते. प्रत्येक वर्तुळ वेगळं. तीसेक केली, दोऱ्याने वरून सोडली. दुपारभर पत्रही आठवलं नाही न् मामाही.

रेक्टरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत अशी खोली बघितली नाही म्हणाल्या. बाई सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत. मला फार बरं वाटलं, लिहून ठेवते.

शुक्र. २६
ऑफिसात मामाचा फोन आला होता. भाची घरी का आली नाही म्हणून. बाईंनी कौतुकाने सगळं सांगितलं. वर म्हणाल्या, घरच्यांनी मुद्दाम येऊन बघावी अशी खोली केलीय पोरीने. मामा म्हणाला, रविवारी येतो, बरोबर दोन माणसं असतील. बाईंनी हो म्हटलं. पाहुण्यांची खोली रंगाला काढलीय, म्हणून त्यांना चार नंबरमध्येच बसवायचं, हॉस्टेल रिकामंच आहे. हे सगळं त्यांनी मला हसत हसत सांगितलं.

मला कळलं कोण दोन माणसं. मी 'बरं' म्हटलं. का म्हटलं? तिथेच बोलायला हवं होतं. मूर्ख मूर्ख मूर्ख.

रवि. २८
झालं. जे टाळायला घरी गेले नाही, ते माझ्याच खोलीत, माझ्याच पताकांखाली पार पडलं. मुलगा, त्याची आई, मामा. सुरेखाच्या कॉटवर चादर घालून बसवलं. मावशींनी पोहे केले. माझ्या बोटांना शाई आणि खळ.

मुलाची आई सगळी खोली निरखत होती. पताका हाताने चाचपल्या, सकाळी मी दारात काढलेली रांगोळी वाकून पाहिली. मग मामाला म्हणाली, "हात हाय पोरीला. घर नीट ठेवील." मी काय शिकते, मार्क किती, काही विचारलं नाही. आठ दिवस खपून मी त्यांना हवं ते सर्टिफिकेटच तयार करून ठेवलं.

मुलाने फिल्टर पेपरचं विचारलं, हे कसं केलंत. सांगितलं. नीट ऐकत होता. प्लांटमध्ये लॅबवाले असलं काहीतरी करतात, कशासाठी ते आज कळलं म्हणाला. मी पाच मिनिटं बोलतच राहिले. मग मामाचा खूश चेहरा दिसला आणि गप्प झाले. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. नाव ठेवायला जागा नाही, मग नाही कशावरून म्हणायचं?

सोम. २९
मामाचा फोन. पसंती आली. साखरपुडा अकराला, माझं प्रॅक्टि. बारापासून. मी म्हटलं, आणि परीक्षा? "परीक्षा काय पलून जातेय? लग्नानंतर दे. ती लोकं नाय म्हनत नाय." बुधवारी येतो म्हणाला, तुझं एकदा ऐकून घ्यायचं. ऐकून घ्यायचं म्हणजे हो ऐकून घ्यायचं.

जेवण गेलं नाही. मावशींना डोकं दुखतंय सांगितलं.

मंगळ. ३०
रेक्टरबाईंना सांगितलं. सगळं. अर्जात खोटं लिहिलं तेही. खूप रडले.

बाई म्हणाल्या, "अर्जात हे लिहिलं असतंस तर मी त्यांना गेटवरच थांबवलं असतं. तू सजावट लिहिलीस, मी सजावट दाखवली." खरंच आहे त्यांचं. सगळं काढून टाकू का विचारलं तर नको म्हणाल्या, परवा ट्रस्टी आहेत. उद्या मामा आला की त्या शेजारी बसणार. बोलायचं मात्र मीच.

बुध. ३१
सकाळपासून म्हणून बघतेय. मामा, मला टी.वाय. करायचंय, दीड वर्ष थांबा. पहिल्यांदा शब्दच उलटसुलट झाले. दुसऱ्यांदा मावशींनी बाहेरून विचारलं, "काय गो, कुनाशी बोलतेस?" तिसऱ्यांदा नीट जमलं. मामा चिडेल, आवाज चढवेल, बाईंकडे बघून खाली आणेल. मग मी परत तेच म्हणायचं. जमेल असं वाटतंय.

साडेअकरा. गेटवर मामाची मोटरसायकल. मागे कोणीतरी आहे.

आई आहे. पसंती कळली म्हणून पहाटेची एस.टी. धरून आली असणार. ठेवणीतली साडी नेसलीय. रेक्टरबाईंच्या पाया पडायला वाकली, बाई मागे सरल्या. इतकी हसताना तिला मी कधी पाहिलं नाही.

मामाला सांगायचं पाठ केलंय. आईला काय सांगायचं ते