हवालदार घरी गेला

सोमवार, ४ तारीख
आले एकदाची! पासपोर्ट फोटोच्या दुकानातली बरी नोकरी सोडून कुत्र्यामांजरांत राहायला निघालेली मी घरातली पहिलीच शहाणी, असं ताईचं मत. असू दे. निवारा गावाबाहेर, साबणाच्या जुन्या कारखान्यात आहे. पत्र्याची लांबच लांब शेड, मधून फरशीचा बोळ, दोन्ही बाजूंना जाळीचे पिंजरे. फिनेल आणि ओल्या केसांचा वास. माझी खोली ऑफिसला लागूनच. काम एवढंच, की प्रत्येक जनावराचा असा फोटो काढायचा की बघणाऱ्याला ते घरी न्यावंसं वाटेल. निवारा चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आल्या आल्या खरं काय ते सांगून टाकलं. महिनाअखेर जागा रिकामी करून द्यायची आहे. तोवर ज्यांना घर मिळणार नाही, त्यांना इंजेक्शन. हे सांगताना त्या माझ्याकडे पाठ करून हात धूत होत्या, बराच वेळ.

शुक्रवार, ८ तारीख
फाटक्या कानाचा कुत्रा, हवालदार, आल्यागेल्याची झडती घेतल्यासारखा वास घेतो. त्याच्या शेजारी दोन मांजरी, एका भांड्यावरून दिवसभर कुरकुर. त्यांचं नाव जावा. ही नावं मामांनी ठेवलेली. मामा म्हणजे झाडलोट आणि खाणंपिणं बघणारे, कुणाचे सख्खे मामा नाहीत, पण सगळ्यांचेच. हवालदाराला माझी टोपी घालून फोटो काढला होता. तो बघून आज एक म्हातारे शिंपीकाका आले. बायको गेल्यापासून घर खायला उठतं म्हणाले. हवालदार त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकून बसला, तो उठेचना. गेला! कितीतरी वर्षं पडून होता म्हणे इथे. डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, मग आम्ही दोघी उगाचच हसत सुटलो.

शनिवार, ९ तारीख
सकाळी हवालदार पिंजऱ्यात होता. कडी बाहेरून लावलेली. पळून आला असेल म्हणून शिंपीकाकांना फोन केला. ते म्हणाले, इथेच आहे की, मशीनखाली झोपलाय, चांगला घोरतोय. फोन कानाशी धरून मी समोर बघत होते. तोच फाटका कान. शेपटी मात्र हलत नव्हती. डॉक्टरीणबाई बोळातून गेल्या, पिंजऱ्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, किती बरं वाटतं ना रिकामा बघून. मामांनी आत पाणी ठेवलं.

बुधवार, १३ तारीख
जावा काल एकाच घरी गेल्या. आज दोघी पुन्हा जाळीत. एकाच भांड्यापाशी, कुरकुर नाही.
मामांना गाठलं. आधी टाळाटाळ केली. मग झाडू भिंतीला टेकवून म्हणाले, "पोरी, जनावर घरी जातं. पण इथे बसून त्यानं जी वाट बघितली ना, ती जात नाही. ती इथेच बसून राहते."
तिला काही होतं का, विचारलं. दुखतं का.
"तहान लागते. पिता येत नाही."
भांडं काठोकाठ भरलेलं होतं.

मंगळवार, १९ तारीख
शिंपीकाकांकडे जाऊन आले. हवालदार चांगला गुबगुबीत झालाय. मला बघून घरभर धावला, कापडाचा तागा पाडला, शिव्या खाल्ल्या. इतका आनंदात होता की मला तिथे बसवेना. परत आले तर इकडचा हवालदार जाळीला नाक लावून. जीभ कोरडी, पांढरी.
पाठवायचं थांबवलं तर इंजेक्शन. पाठवलं तर हे. फोटो काढतेच आहे. जिवंत आहेत त्यांना आधी बघायचं, दुसरं काय करणार. डॉक्टरीणबाईंना सांगायचं दोनदा ओठांवर आलं.

सोमवार, २५ तारीख
शेड रिकामी होतेय आणि भरतेय. फोटोत ते येत नाहीत, नुसती जाळी येते. भुंकणं बंद. फाटक वाजलं की सगळे एकदम उठतात. फरशीवर नखांचा आवाज तेवढा — आणि मग कुणी येत नाही, आणि सगळे एकदम बसतात.

बुधवार, २७ तारीख
शेवटचं पिल्लू गेलं. एकही इंजेक्शन लागलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मला मिठी मारली. मागे जाळीतून सगळे बघत होते.
ताईला फोन केला, न्यायला ये. उद्या येते म्हणाली. बॅग भरली.

गुरुवार, २८ तारीख
ताई आली नाही. गाडी बंद पडलीय, दुरुस्त झाली की निघते म्हणाली. फाटकाशी बॅगेवर बसलेय. रस्त्यावर धूळ उडाली की वाटतं तीच.
दुपार सरली. मामा धावत आले. म्हणाले, ऊठ, चालू लाग, गावात जा, कुठेही जा. "इथे बसून वाट बघू नकोस, पोरी."
लक्षात आलं. उठायचं तर पाय —
फाटक वाजलं. मी उभी राहिले. मागे नखांचा आवाज — सगळेच. ताई आली. निघतेय —

शुक्रवार, २९ तारीख
गाडीत बसले होते मी. ताई रागवत होती, किती वाळलीस म्हणून. काच खाली केली, वारा — एवढं आठवतं.
मग हा पत्रा. हा बोळ. वही बॅगेत भरली होती. बॅग नाही. वही हातात आहे.
मामांना हाक मारली. वर बघितलं नाही त्यांनी. माझ्यापुढे पाणी ठेवलं, बाहीनं डोळे पुसले. गेले.
तहान — ओठांना लागत नाही पाणी —
ऑफिसातून ताईकडे फोन लावला. वाजला. उचलला. टीव्ही चालू होता. ताई लांबून काहीतरी म्हणाली, कुणीतरी हसलं. मग अगदी जवळून, खुशीत, कोण बोलतंय म्हणून विचारलं. ताई नव्हती. हा आवाज तर माझा — मी म्हणाले, अगं, मी —