कठड्याबाहेरची जुई

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, पूर्वीचा धंदा चष्म्याच्या काचा घासण्याचा, सध्याचा धंदा कुंड्या सांभाळण्याचा, राहणार याच घरात, तिसऱ्या मजल्यावर, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, डोळे धंद्यामुळे इतरांपेक्षा बरे आहेत, आणि कोणी माझा हात धरून हे लिहून घेत नाही. कोणी धरायला आलाच तर त्या हातात खुरपे आहे. आपल्या माघारी भांडणे नकोत म्हणून लोक मृत्युपत्र करतात आणि पाकिटात बंद करून ठेवतात. माझे मृत्युपत्र मी जिवंत असतानाच, माझ्यासमोर वाचले जावे. त्याचे कारण कलम सहामध्ये येईल.

कलम १. कुंड्या. गॅलरीत आणि खिडक्यांत मिळून त्या किती आहेत हे मी मोजत नाही. मोजल्या की एखादी जाते असा माझा अनुभव आहे. नेच्याची कुंडी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला द्यावी. त्याच्या दुकानात ऊन येत नाही आणि नेच्याला ते नकोच असते, तेव्हा दोघांचे जमेल. मात्र त्याने रोज पाणी घालू नये. कुंडीतली झाडे उपासाने कमी आणि लाडाने जास्त मरतात. बोट दोन पेरे मातीत खुपसावे. ओली माती बोटाला चिकटून आली तर झारी खाली ठेवावी. कोरफड तळमजल्यावरच्या शिंपीणबाईला. इस्त्रीचा चटका बसला की ती वर येऊन माझ्या नकळत पान कापून नेते. यापुढे तिला जिना चढायला नको. बाकीच्या कुंड्या भाचेसुनेने ठेवाव्यात, आणि तिला नको असतील तर ज्याच्याकडे ऊन आहे त्याला द्याव्यात. ज्याच्याकडे नुसती हौस आहे त्याला देऊ नयेत.

कलम २. शेजारचे निवृत्त मास्तर यांना काहीही देऊ नये, असे मी पहिल्या मसुद्यात लिहिले होते. त्यांनी माझ्या पिवळ्या गुलाबाची फांदी न विचारता नेली. न विचारता नेलेली फांदी हमखास लागते म्हणतात, आणि ती लागलीही. त्याचा राग नाही. राग याचा की येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगतात, "हे वाण मी स्वतः तयार केलं." तरी आता मन मोठे करून त्यांना शेणखताचे अर्धे पोते देते. गुलाबाला ते मानवेल, आणि मास्तरांच्या बोलण्यालाही शोभेल.

कलम ३. छाटणीची कात्री, खुरपे, चाळण आणि लांब तोटीची झारी भाचेसुनेला. गळ्यातली साखळी आणि दोन बांगड्याही तिलाच. ती माझ्याशी कधी भांडली नाही आणि कधी गोडही बोलली नाही. पण गेल्या महिन्यात भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "मावशी, जुईला पाणी मी घालत जाईन. तुम्ही कठड्याशी नका जाऊ."

मी म्हटले, "का गं?"

"उगाच."

एवढेच बोलून ती भाजी घेऊन आत गेली. हा "उगाच" मी बरेच दिवस मनात घोळवला, आणि साखळी तिच्या नावे लिहिली.

कलम ४. बँकेतील शिल्लक: मला नेण्याचा खर्च वजा जाता उरेल ते भाच्याच्या मुलीच्या शिक्षणासाठी. खर्च बेताचा करावा. विकतचे हार आणू नयेत. घरात फुले आहेत.

कलम ५. गॅलरीचा कठडा. हा घराचाच भाग, पण त्याबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. यजमान लोखंडकाम करीत. फुलांचे त्यांना वावडे. "खायच्या कामाचं एक तरी झाड लाव," हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकले. पण मी झारी घेऊन वाकते हे पाहून हा कठडा त्यांनी स्वतः घडवला आणि स्वतः बसवला. आमचा संसार दोनदा हलला; कठडा कधी हलला नाही.

आता माझी सवय सांगते. कुंडी अधूनमधून थोडी थोडी फिरवावी लागते, नाहीतर झाड उजेडाकडे तोंड करून एकाच अंगाला कलते. मी हे नेमाने करते, त्यामुळे कोणती कुंडी कोणी हलवली हे मला पानांवरून कळते. महिन्यापूर्वी कठड्याच्या मधल्या भागापुढच्या कुंड्या बाजूला गेलेल्या दिसल्या. पानांची तोंडे भिंतीकडे होती. मध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा झाली होती. मी चिमण्याला विचारले. चिमणा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, माझा भाचा. आता पंचेचाळिशीचा आहे आणि दारातून वाकून आत येतो, पण लहानपणी पडलेले नाव तसेच राहिले.

"वाऱ्याने सरकल्या असतील, मावशी," तो म्हणाला.

वारा कुंडी पाडतो. ती उचलून, फिरवून, नीट ओळीत लावत नाही. दुसऱ्या दिवशी जुईची कुंडी कठड्याच्या बाहेरच्या बाजूला, लोखंडी कडीत टांगलेली दिसली. "तिला ऊन कमी पडत होतं," चिमणा म्हणाला. त्याने आयुष्यात कुठल्या झाडाच्या उन्हाची चौकशी केलेली मला आठवत नाही. जुई बाहेर खरोखर बहरली, हेही लिहिते. खोटे कशाला लिहू? पण तिला पाणी घालायचे तर नेमके त्या मोकळ्या जागेत उभे राहून, कठड्यावर पोट टेकून, बाहेर वाकावे लागते.

मधल्या खांबावर गारवेल चढवलेला आहे. त्याने खांबाला घातलेले विळखे ताणून तुटलेले होते. वेल आपला विळखा आपण होऊन तोडत नाही. ज्याला धरले ते हलले की तो तुटतो. मी खांबाला बोट लावले आणि खांब डोलला. खाली बसून पाहिले तर बोल्ट सैल. सगळीकडे जुना गंज, आणि बोल्टच्या कडांवर पाना फिरवल्याच्या ताज्या, चकचकीत खुणा. माझा सगळा जन्म काचेवरचा ओरखडा जुना की नवा हे बघण्यात गेला आहे. हे ओरखडे नवे होते.

कलम ६. घर. बहीण गेली तेव्हा चिमणा शाळेतही जात नव्हता. मला मूल नव्हते. त्याला आई नव्हती. मी त्याला वाढवला, आणि आजही त्याचा आवाज जिन्यात ऐकला की मला बरे वाटते. त्याच्यात एकच दोष, धीर नाही. लहानपणी मी त्याला एक छोटी कुंडी दिली होती. मूळ फुटले का हे बघायला तो रोज रोप उपटायचा आणि पुन्हा खोचायचा. रोप मेले तेव्हा माझ्यावरच रुसला. घर त्याच्या नावे करावे असे त्याने मला या वर्षात अनेकदा सुचवले. मी दर वेळी म्हणाले, "अरे, माझ्यानंतर तुझंच आहे." हे बोलायला नको होते का, याचा मी फार विचार करते.

शिंपीणबाईला मी हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता माझ्याकडे राहायला ये."

"तुझ्याकडे ऊन कुठे येतं? ही सगळी झाडं कुठे ठेवू?"

"अगं बाई, जीव मोठा की झाडं मोठी?"

मी गेले नाही. झाडे इथे आहेत, आणि चिमणाही इथेच आहे. सैल बोल्ट दाखवून कोणावर बोट ठेवता येत नाही, आणि माझे बोट त्याच्याकडे वळतही नाही. म्हणून विचार करून पुढील व्यवस्था करते.

मी माझ्या अंथरुणात मेले, तर हे घर चिमण्याचे. मी गॅलरीतून पडून मेले, मग तो अपघात ठरो, चक्कर ठरो की म्हातारीचा झाडांच्या नादात गेलेला तोल ठरो, तर घर विकावे आणि सगळी रक्कम सरकारी दवाखान्यातील डोळ्यांच्या विभागाला द्यावी. या अटीवर कोणाची रदबदली ऐकू नये.

वरील मजकूर आज साक्षीदारांसमोर चिमण्याला वाचून दाखवला. तो हसला. "मावशी, काहीतरीच काय मनात आणतेस?"

"मनात नाही, कागदावर आणते."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे. म्हणून तर घर तुझ्या नावे लिहिलं."

त्यावर त्याने कागद स्वतः हातात घेऊन कलम सहा पुन्हा वाचले, ओठ हलवत, शाळेत वाचायचा तसे.

साक्षीदारांना झाडे मिळणार म्हणून त्यांची साक्ष कोणी बाद ठरवू नये, यासाठी त्यांनी आपापली कुंडी आजच उचलून न्यावी असे ठरले, आणि त्यांनी ती नेली.

स्थळ: माझ्या घराची बाहेरची खोली
दिनांक ९ ऑक्टोबर
सही: लिहून ठेवणारी
साक्षीदार १, सही: तळमजल्यावरची शिंपीणबाई
साक्षीदार २, सही: कोपऱ्यावरचा औषधवाला

पुरवणी

मी, वरील मृत्युपत्र करणारी, शुद्धीवर असताना ही पुरवणी जोडते.

सही झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी चिमण्याने जुई आत घेतली. बोल्ट आवळले, कठड्याला रंग दिला. मी खांबाला टेकून उभी राहिले. तो जागचा हलला नाही. मी रडले, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही. मला वाटले, माझाच संशय आंधळा होता, पोटच्यासारख्या पोराला मी चारचौघांत खाली पाहायला लावले. त्या दिवशी त्याच्या आवडीचे गोड केले. त्याने दोनदा मागून खाल्ले.

काल भाचेसून आणि मुलगी माहेरी गेल्या. "चार दिवस आराम करून या," असे चिमण्यानेच सांगितले. निघताना भाचेसुनेने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. चिमण्याने खालून हाक मारली तेव्हा गेली.

आज दुपारी चिमण्याने माझ्यासाठी नवी उशी आणली. जाड आहे, मऊ आहे. "आता तू उठूच नकोस, मावशी," तो म्हणाला. "अंथरुणात पडून राहा. झाडांचं मी बघतो." मानेच्या दुखण्यामुळे मी कित्येक वर्षे उशीशिवाय झोपते. हे त्याला माहीत आहे. डॉक्टरांकडे मला तोच घेऊन गेला होता, आणि उशी घेऊ नका असे डॉक्टर त्याच्यासमोरच म्हणाले होते.

मी कलम सहा पुन्हा वाचले. गॅलरीची वाट मी बंद केली, आणि अंथरुणाची मोकळी ठेवली, माझ्याच अक्षरात.

तरी कलम ६ रद्द समजावे. त्याऐवजी असे: मी जिवंत आहे तोपर्यंत चिमण्याने या घरात हक्काने राहावे. माझा श्वास थांबला की त्याचा हक्क संपला. मी कुठेही मेले, कशीही मेले, शंभरीची होऊन झोपेत मेले, तरीही घर विकून रक्कम डोळ्यांच्या विभागालाच जाईल. मला हे लिहायचे नव्हते. घर त्याला मिळावे अशी माझी इच्छा होती आणि अजून आहे. पण मी जगण्यात त्याचा फायदा असल्याशिवाय मी जगेन असे आता वाटत नाही.

पुरवणीलाही दोन साक्षीदार लागतात. माझा फोन बिघडला म्हणून चिमण्याने दुरुस्तीला नेला आहे. मी पडू नये म्हणून गॅलरीच्या दारालाही त्याने कुलूप घातले आहे. मघाशी शिंपीणबाई वर आली होती. तिचा आवाज मी ओळखला. "मावशीला आत्ताच झोप लागली," असे चिमणा तिला दारातच म्हणाला. मी हाक मारली, पण खोलीचे दार बाहेरून लावलेले आहे, आणि माझी हाक आता फार लांब जात नाही. "मग सकाळी दुकान उघडायच्या आधी येते," म्हणत ती उतरून गेली.

साक्षीदारांच्या सह्या होईपर्यंत हा कागद रद्दी आहे. तोवर जुनेच कलम लागू आहे, आणि ते चिमण्याला पाठ आहे.

स्थळ: माझी झोपायची खोली
दिनांक १४ ऑक्टोबर, संध्याकाळ
सही: लिहून ठेवणारी
साक्षीदार १: शिंपीणबाईसाठी जागा सोडली आहे
साक्षीदार २: जागा सोडली आहे