चार नंबरच्या खाटेचा आकडा

३ तारीख
लागली एकदाची नोकरी! कॉलेज अर्ध्यावर सोडल्यापासून आई माझ्याशी धड बोलत नव्हती. बरं न होणाऱ्या रोग्यांच्या शुश्रूषागृहात मदतनीस झालो म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला. एक गोष्ट मात्र आईला सांगितली नाही. इथे चार नंबरच्या खाटेवर एक रिटायर मास्तर आहेत, त्यांची मुलगी रोज दुपारी येते, आणि दोन वर्षं माझा जीव तिच्यात अडकलाय. आठ खाटा, मोठाल्या खिडक्या, भरपूर ऊन. छान आहे जागा.

४ तारीख
डॉक्टरीणबाईंनी नवी पद्धत आणलीय. दर चार तासांनी मी खाटेखाटेपाशी जाऊन विचारायचं, दुखणं दहापैकी किती? रोगी सांगेल तोच आकडा तक्त्यावर लिहायचा, आपली अक्कल चालवायची नाही. तो बघून सिस्टर मॉर्फिन देतात. बाई म्हणाल्या, आजार आपल्या हातात नाही, पण तळमळत कुणी जायचं नाही, आणि ते तुझ्या पेनावर आहे बरं का. छाती फुगली माझी. पाचव्या खाटेवरचा गवंडी म्हणाला, साडेतीन, पण तू हसलास तर तीन धर. हसलो. तीन धरले.

८ तारीख
मास्तरांनी आज तिच्यादेखत माझी लाज काढली. आकडा विचारला तर म्हणाले, नऊ. लिहिता येतो ना, की नवाच्या आधीच कॉलेज सोडलंस? गवंडी खो खो हसला. तीही हसली. ती! हसत हसत घरी गेली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दोन लिहिला. सिस्टर तो बघून मॉर्फिन न देताच पुढे गेल्या. मास्तर मागून घेणाऱ्यांतले नव्हेत.
पुढच्या फेरीला नीट लिहिणार होतो. पण तोवर त्यांची वाचा गेली होती. मुठी आवळलेल्या. खरं सांगावं तर नोकरी जाईल, तीही दुरावेल. पुन्हा दोनच लिहिला.

९ तारीख
मास्तर गेले. चादर दातांनी फाडलेली होती. ती यायच्या आत बदलली. तिने तक्ता पाहिला, माझे हात धरून रडली. म्हणाली, बाबा शांतपणे गेले, तुझे उपकार. तिने मला पहिल्यांदा हात लावला तो असा.

११ तारीख
त्या खाटेवर आता शिंपीणकाकू आहेत. म्हणाल्या, नऊ रे बाळा. मी नऊ लिहिला. सिस्टरांनी विचारलं, दोनच? पाहिलं तर दोन, माझ्याच अक्षरात. खोडून नऊ केला. शाई वाळेपर्यंत पुन्हा दोन.

१२ तारीख
आता आठही खाटा नऊ म्हणतात. हळू आवाजात, फक्त मला. सिस्टर जवळ आल्या की सगळे चेहरे झोपल्यासारखे शांत. त्या वळल्या की मुठी आवळतात. धावत जाऊन सिस्टरांना खरं सांगायला तोंड उघडलं — निघालं, दोन. बाई म्हणाल्या, तुझ्या हाताला गुण आहे.

१४ तारीख
शिंपीणकाकू सकाळी गेल्या. दुपारी ती आली, बाबांचा चष्मा न्यायला. खाटेचा कठडा धरला आणि बरगडीखाली हात दाबून खाली बसली. मास्तर दाबायचे, तिथेच. त्या चार नंबरच्या खाटेवरच झोपवली तिला.
सगळं कबूल केलं. मी दोन लिहिला, तुझ्या बाबांचं —  ती माझ्या हातातल्या पेनाकडे बघत राहिली.

१५ तारीख
बाई म्हणतात, दगदगीने झालंय. तक्त्यावर दोनच तर आहे. तिच्याजवळ येतात तेव्हा तीही शांत झोपलेली —

दुसरी फेरी
तक्ता फाडला. नवा लावला. दोन.

तिसरी फेरी
निदान इथे, माझ्या वहीत तरी खरं. विचारलं तिला. ती म्हणाली दोन. नाही. दोन नाही म्हणाली, ओठ रक्तबंबाळ झालेत तिचे, ती म्हणाली दोन — मी दोन लिहितोय, दोन नाही, दोन — कुणीतरी या, स्वतः विचारा तिला, माझं ऐकू नका, तिला दोन —