चाखायचा चमचा

नोंगखाय, १२ जानेवारी

ती. बुन्मा मावशीस,
राट्रीचे दोन्ही हात जोडून नमस्कार, वि. वि.

मनगटाचं प्लास्टर निघालं का? चियांगरायच्या थंडीत तुझ्या ताईने तुला गोधडीत गुंडाळून ठेवलं असेल.

तुझी गाडी मी रोज वेळेवर लावते. कच्च्या पपईच्या सोम-तमला मातीचा खल तुझाच, लाकडी बत्ता तुझाच. पाच मिरच्या, लिंबू, ताडगूळ, मुरवलेल्या माशाचं पाणी, सगळं तुझ्याच मापाने. तरी विरोत मास्तर अर्धी थाळी टाकून उठतात. काल म्हणाले, पोरी, पपई मेली गं. सकाळी झाडावरून उतरवलेली पपई, आणि मेली म्हणे! प्रत्येक थाळी चाखून चाखून माझी जीभ पोळली. गिऱ्हाईक रोज कमी होतंय. आठवडाभर बघते, नाहीतर गाडीला कुलूप आणि मी बँकॉकच्या शिवणकारखान्यात.

रागावू नकोस.
तुझी राट्री

चियांगराय, १९ जानेवारी

चि. राट्रीस अनेक आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितेय, अक्षराला हसू नकोस. कुलूप लावलंस तर याच हाताने बत्ता घेऊन येईन! त्या गाडीशिवाय मी काय करणार, ताईच्या घरी भिंती मोजू?

पपई कुटायची नसते गं, नुसती डिवचायची. एका हाताने बत्ता, दुसऱ्याने पळीने खालवर. तू चिडून कुटतेस, मग ती पाणी सोडते.

आणि चाखतेस कशाला? आता ऐक, हे ताईलाही ठाऊक नाही. आठ वर्षांपूर्वीच्या तापापासून मला ना आंबट कळत, ना खारट. फार रडले तेव्हा. जीभ गेलेल्या बाईकडे कोण खाईल? नशिबाने त्याच सुमारास मास्तरांना आधी चमचाभर चाखायची खोड लागली. मी तीच सगळ्यांना लावली. मास्तरांची भुवई चढली की लिंबू, ओठ चाटले की थांबायचं.

वाचून पत्र चुलीत घाल.
जिवाला जप.
बुन्मा मावशी

नोंगखाय, २७ जानेवारी

ती. मावशीस, नमस्कार वि. वि.

पत्र चुलीत घातलं नाही, उशीखाली आहे.

हात हलका केला, चमचा पुढे धरला. मास्तरांची भुवई चढली, मी लिंबू पिळलं. चिकट भाताच्या गोळ्याने त्यांनी थाळी पुसून खाल्ली आणि विचारलं, मावशीने सांगितलं वाटतं शेवटी?

मी उडालेच! मावशी, अख्ख्या गल्लीला माहीत आहे. तापातून उठलीस तेव्हा तीन दिवस तू माशाचं पाणी दुप्पट घालत होतीस. सगळ्यांनी घोट घोट पाणी पीत ते निमूट खाल्लं. मग देवळाच्या पायरीवर बसून ठरवलं, की बुन्माला काही म्हणायचं नाही, आपणच आधी चाखायला मागायचं. सुरुवात मास्तरांनी करायची. वाचताना हसू नकोस, मी इथे रडतेय.

कुलूप विकत घेतलं होतं, ते दुकानदाराला परत केलं. तू ये लवकर. मास्तरांची तक्रार आहे, की ही पोरगी स्वतःही चाखते, म्हणून आमच्याशी वाद घालते.

लोभ असावा. कमी पडला तर आम्ही सांगूच.
तुझी राट्री