डोळ्याच्या थेंबांचा धनी

मंगळवार, १२ मार्च १९८५

बायकोचा डोळा आज जास्तच लाल. पेपरातली जाहिरात बघून ते थेंब पोस्टाने मीच मागवले, रोज मीच घातले. धुळ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "आबा, यात काय आहे? बनवलं कोणी?" बाटली उलटीसुलटी केली. नाव नाही, गाव नाही, नुसता पोस्टाच्या पेटीचा नंबर. म्हणाले, काय घातलंय ते कळलं तर इलाज नेमका होईल, नाहीतर डोळ्याची खात्री नाही.

एसटीत ही म्हणाली, "बैल लेतस तवय मालकना आजाबी इचारतस. मना डोयामा टाकाले पेटीना नंबर चालना का?" बैल घेताना मालकाचा आजासुद्धा कोण ते विचारतो मी. खरंच, विचारलं कसं नाही मी? छापलेलं होतं म्हणून?

आता कार्ड लिहायला बसलो तर मायन्यातच अडलो. रा. रा. कोणाला लिहू? शेवटी नुसता पेटीचा नंबर टाकला. लिहिलं, भांडायचं नाही, औषधात काय आहे तेवढं कळवा. खाली माझं नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, सगळं लिहिलं. त्याला तरी कळू दे, डोळा कोणाच्या घरातला आहे.