फाटकाची ओळ

दिवेआगर,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. अजेयदादास,

नमस्कार. आई आणि मी, आम्ही दोघी ठीक. सुपारी अंगणात वाळत पडली आहे, नारळाला यंदा भाव बरा. पुण्यात तुम्हा सगळ्यांचंही ठीक असेल असं धरून चालते.

पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या खोल्यांसाठी मी केलेल्या वेबसाइटबद्दलचे तुझे अकरा मुद्दे मिळाले. उत्तर मोबाइलवर देता आलं असतं, पण तिथे निळ्या खुणा उमटल्या की मी वाट बघत बसते. पत्राला ती कटकट नाही.

खरं तर तुला पाठवणारच नव्हते. म्हसळ्याला वेबसाइट बनवायच्या क्लासात शिकवणारी मृणाली माझ्या निम्म्या वयाची आहे. ती म्हणाली, ताई, इथे सगळे छानच म्हणणार. या कामातल्या, तुमची भीड न ठेवणाऱ्या माणसाला दाखवा. असा माणूस मला एकच ठाऊक. तीन वर्षं बोलणं नाही म्हणून काय झालं, भीड तू लहानपणीही ठेवली नाहीस.

तुझ्या मुद्द्यांच्या आधी 'कशी आहेस' नव्हतं, थेट फोटोंपासून सुरुवात. असो. फोटो फोनमधून काढले तसेच चढवले, म्हणून पान उघडायला वेळ लागतो. पाहुण्याला मोदक दिसेपर्यंत ते गार व्हायचे, हे मान्य. आता लहान केले. हिरव्यावर हिरवी अक्षरं वाचता येत नाहीत, हेही बरोबर. मला वाडी दाखवायची होती, त्यात दोन खोल्यांचे दरच दिसेनासे झाले. मोबाइलवर बटण अर्धं बाहेर पळत होतं, ते आत आणलं. आणि सगळंच मधोमध का, असं विचारलंस. लग्नपत्रिकेत असतं, म्हणून मला वाटलं शोभिवंत दिसेल. आता गुपचूप डावीकडे घेतलं आहे.

दहावा आणि अकरावाही झाला. नववा राहिला. त्यात तू लिहिलंस:

"घराकडे यायचा रस्ता एवढा लांबून का दाखवलास? आणि बेचाळिसावी ओळ एक तर काढून टाक, नाही तर चालू कर."

ती ओळ तू वाचशील असं मला वाटलं नव्हतं. दोन खुणांच्या मध्ये ठेवलेली ओळ पानावर दिसत नाही, असं क्लासात शिकवलं होतं. मी समजले, दिसत नाही म्हणजे कुणालाच दिसत नाही. तू पान बाजूला ठेवून आतला कोड उघडशील, हे डोक्यातच आलं नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. तर तू वाचलंस: 'मोठ्या रस्त्यावरून फाटकातून सरळ आत या. दादाने कुलूप काढलं की हे दाखवायचं.'

आता विषय तूच काढलास, तर लिहिते. तुला सगळी वाडी विकायची होती, आई तयार नव्हती. मग वाटणी झाली, पुढची बाजू तुझ्याकडे गेली आणि तू फाटकाला कुलूप घालून निघून गेलास. तेव्हापासून आम्ही मागच्या बाजूने, सुरूच्या बनातून, वाळूतून फिरून रस्त्याला लागतो. पाहुण्यांनाही तोच रस्ता लिहिला. त्यांचं काही नाही, समुद्र दिसला की ते खूश.

आईचं तसं नाही. वर 'ठीक' लिहिलं ते खरं नव्हे. नवरात्रात ती न्हाणीघरात पडली. पाय टेकवेना. वाळूत रिक्षा येत नाही. नामाकाका तुझ्या भागात शिंपणं करत होते, ते आरडाओरडा ऐकून धावत आले. म्हणाले, "ताय, चावी हाय माज्याकडं. उघडू का?"

आई कण्हत होती, तरी म्हणाली, "ज्याने लावलं त्यानेच काढायचं. नामा, चावी खिशात ठेव."

शेवटी नामाकाकांनी आणि मी तिला खुर्चीसकट उचलून वाळूतून नेलं. फाटक हाकेवर होतं. मला आईचा राग आला. तुझा त्याहून जास्त आला, अजून आहे. आईच्या पायाच्या हाडाला चीर गेली आहे. वॉकर धरून घरातल्या घरात चालते, आणि तुला कळवायचं नाही अशी शपथ घातली आहे. ती मी आत्ता मोडली.

नववा मुद्दा असा केला: लांबचा रस्ता काढून टाकला. बेचाळिसावी ओळ चालू केली, फक्त तुझ्या नावाचं वाक्य पुसलं. पान अजून पाहुण्यांना पाठवलेलं नाही. पुढच्या गुरुवारी, २८ तारखेला, आईला माणगावला डॉक्टरांकडे न्यायचं आहे. सकाळी रिक्षा मी मोठ्या रस्त्यावर, फाटकाशीच बोलावली आहे. तिला खुर्चीत बसवून वाडीतून तिथपर्यंत आणेन.

पानावरची वाट मला उघडता आली, ती उघडली. चावी नामाकाकांकडे आहेच, पण ती त्यांच्या हातून फिरलेली आईला चालणार नाही. तू ये.

वहिनीला नमस्कार.

फाटकाच्या आतल्या बाजूला आईला घेऊन थांबणारी,
तुझी निवेदिता