पहिली बट

तितिकावेका, रारोटोंगा बेट
२ मे १९८०

चि. अकाईती हिस,
अनेक आशीर्वाद. इतके दिवस तुला ओळही लिहिली नाही, माफ कर. पेन धरवत नव्हतं. मार्चमध्ये ताप आला, पुरळ उठलं. ताप उतरला, पण बोटं, मनगटं, घोटे सुजून बसले. डॉक्टर म्हणाले, हा डासांमुळे होणारा रॉस रिव्हर ताप. पापांचं म्हणणं, ऑस्ट्रेलियातल्या त्या नदीत आपण पाय बुडवला नाही, तरी तिने आपलेच पाय धरले.

काळजी तुझ्या तेआरिकीच्या केशकापणीची आहे. जन्मापासून वाढवलेले केस पहिल्यांदा कापायचे, तेही सगळ्या गोतावळ्यासमोर. तू ऑकलंडला नोकरीला गेलीस तेव्हापासून त्याला तिकडे नेईपर्यंत चार वर्षं मी त्याच्या वेण्या घातल्या, म्हणून पहिली बट मावशीनेच कापायची असं ठरलं. आज मला कात्रीने साधा कागद कापवत नाही. पाद्रीबाईंना विचारू का? मी अडून बसले आहे ती मायेपोटी की मिरवायला, माझं मलाच कळत नाही.
तुझी,
तेपाएरूताई

ऑकलंड
१६ मे १९८०

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पाद्रीबाईंचं नाव पुन्हा काढलंस तर मुलाला घेऊन मी येणारच नाही! शाळेत पोरं त्याला मुलगी म्हणून चिडवतात. तो ऐटीत सांगतो, मावशीच्या आधी केसाला कोणी हात लावायचा नाही.

एक विचारते, रागावू नकोस. पाणी साचून डास होऊ नयेत म्हणून शाळेत तुझ्या वर्गातल्या मुलांना करवंट्या उपड्या घालायला तूच शिकवतेस. अंगणात आईच्या थडग्यावर फुलांच्या बरण्या आहेत, त्यांतलं पाणी कधी ओतलंस?
लोभ आहेच, रागासकट राहू दे.
अकाईती

तितिकावेका
६ जुलै १९८०

चि. अकाईती हिस,
अनेक आशीर्वाद. रागावलेच होते. आईच्या फुलांत डास! मग एक बरणी उजेडात धरली, तर आत अळ्या वळवळत होत्या. इथे अंगणाअंगणात थडगी, थडग्याथडग्यावर बरण्या. आरोग्य खात्याच्या तपासणीआधी आम्ही अंगण लखलखीत करतो, पण आपल्या माणसांच्या फुलांना हात लावायचं कोणाला सुचलं नव्हतं. आईची क्षमा मागून पाणी ओतलं, बरण्यांत ओली वाळू भरली. फुलं तिच्यातही टिकतात.

शेजारची रूताकाकू कुंपणावरून ओरडली, की आईला तहानेनं मारतेस का. आता तीच वाळूची बादली घेऊन गावभर फिरते आणि युक्ती स्वतःची म्हणून सांगते. तपासणीत आपलं गाव पहिलं आलं! तापाचा नवा रोगीही नाही. हे वाळूमुळे की इथल्या जून-जुलैच्या थंडीमुळे, ते मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही.

बोटं रोज कोमट पाण्यात उघडमीट करत होते. पहाटे अजून आखडतात, पण दिवस वर आला की सुटतात. आज पापांनी आपलं डोकं पुढे केलं. म्हणाले, नातवाच्या आधी म्हाताऱ्याचे कान जाऊ देत. मी सगळं डोकं कापलं, अकाईती! दोन्ही कान जागेवर आहेत. आरशात बघून पापा म्हणाले, मागून कोंबडीने टोचल्यासारखं दिसतंय, पण हात काही थरथरला नाही. मग दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

विमानतळावर हार घेऊन उभी असेन. तेआरिकीला सांग, मावशी तयार आहे. आणि तू मला असंच टोचत राहा, त्याशिवाय मला करमत नाही.
तुझी,
तेपाएरूताई

उद्याचं काम: कात्रीला धार लावणे.